बंदुकीच्या नळीपासून दुर्बिणीच्या नळीपर्यंत

‘दुर्बीण’ हा शब्द आपण मराठीत इतक्या सहजपणे वापरतो की तो मूळचा फारसी आहे, हे सांगितल्यावर पुष्कळांना नवल वाटते. ‘दूर’ म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. उर्दूत सूक्ष्मदर्शकाला ‘खुर्दबीन’ म्हणतात आणि फुकटचा तमाशा पाहणाऱ्याला ‘तमाशबीन’. त्याच घराण्यातला हा शब्द. गंमत म्हणजे हा शब्द यंत्राच्या आधीचा आहे. पुढचा विचार करणाऱ्या माणसाला फारसीत ‘दूरबीन’ म्हणत. नळीत भिंगे बसवून लांबचे पाहण्याची युक्ती नंतर निघाली आणि तयार असलेला शब्द तिला चिकटला. आजच्या इराणात तोच शब्द कॅमेऱ्यालाही लावतात. आणखी एक गंमत भिंगाची. अरबीत भिंगाला ‘अदसा’ म्हणतात, म्हणजे मसूर. युरोपातल्या भाषांत भिंगाला जो ‘लेन्स’ शब्द आहे, तोही लॅटिनमधल्या मसुरीचाच. दोन्ही बाजू फुगीर असलेला काचेचा तुकडा पाहून दोन्हीकडच्या लोकांना स्वयंपाकघरातली डाळ आठवली!

गेल्या काही वर्षांत आपल्याकडची तरुण मुले-मुली पक्षी पाहायला बाहेर पडू लागली आहेत. ती विचारतात, कोणती दुर्बीण घ्यावी? दुकानदार सांगेल ती घ्यावी, की जास्तीत जास्त मोठे दाखवील ती? हा प्रश्न बाजाराचा वाटतो, पण त्याच्या पाठीमागे सुमारे हजार वर्षांचा इतिहास उभा आहे. तो ठाऊक असला की दुकानातली फसगत टळते, आणि दुर्बीण आपल्या गळ्यात येण्यापूर्वी तिच्या जागी काय होते, तेही समजते.

इतिहासाची सुरुवात बसऱ्यापासून करावी लागते. अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम हा तिथे इ. स. ९६५ च्या सुमारास जन्मला आणि १०४० च्या सुमारास कैरोत वारला. फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या दरबारी तो नाईलच्या पुराला बंधारा घालण्याच्या कामासाठी गेला, ते काम होण्यासारखे नाही हे ध्यानात आल्यावर खलिफाच्या रागापासून वाचण्यासाठी त्याने वेडाचे सोंग घेतले, असे चरित्रकार सांगतात. कहाणी खरी असो वा रचलेली, त्याने ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ लिहिला, हे मात्र नक्की. ‘नजर’, ‘मंजर’ आणि ‘मनाझिर’ हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. म्हणजे ग्रंथाचे नावच पाहण्याविषयीचे.

त्याच्या आधी युक्लिड आणि टॉलेमी यांच्यासारखे मोठे लोक असे मानत की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून ती दिसते. इब्न अल-हैसमने अगदी साधा मुद्दा काढला. सूर्याकडे पाहिले तर डोळा दुखतो. डोळ्यातून काही बाहेर जात असते तर तो दुखला कशाला असता? तीव्र उजेडाकडे पाहून डोळे मिटले तरी त्याची छाप काही वेळ राहते, याचाही त्याने दाखला दिला. बाहेरचा प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो आणि म्हणून आपण पाहतो, हे त्याने मांडले आणि प्रयोगांनी तपासले.

पण आपल्या विषयाला अधिक जवळचा भाग वेगळाच आहे. आपल्याला डोळे दोन आहेत. मग वस्तू एक कशी दिसते? हा प्रश्न त्याने मनाझिरच्या तिसऱ्या भागात घेतला. त्यासाठी त्याने एक लाकडी फळी केली. तिच्यावर वेगवेगळ्या रंगांच्या रेषा काढल्या, मेणाचे छोटे खांब ठेवले, आणि फळी नाकाशी टेकवून तो पाहत बसला. एका खांबावर दोन्ही डोळे स्थिर केले की तो एक दिसतो. पण त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा खांब दोन दिसू लागतो. दोन्ही डोळ्यांच्या रेषा एकाच बिंदूवर मिळाल्या तरच दृष्टी एक होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. दुर्बिणीच्या दोन नळ्या जुळलेल्या असणे म्हणजे काय, याचे मर्म तीतच आहे.

आता एक अप्रिय गोष्ट. आपल्या सभा-संमेलनांत एक वाक्य अधूनमधून ऐकू येते की, दुर्बीण मुसलमानांनी शोधली. ते खरे नाही. इब्न अल-हैसमने दुर्बीण केली नाही. शिवाय डोळ्यातल्या काचेसारख्या भागातच दृष्टीची संवेदना होते, हे त्याचे म्हणणे चुकीचे होते. प्रतिमा मागच्या पडद्यावर पडते हे केप्लरने १६०४ मध्ये दाखवले. पण खरी हकिकत खोट्या अभिमानापेक्षा मोठी आहे. मनाझिरचे लॅटिन भाषांतर १२०० च्या सुमारास झाले, ते १५७२ मध्ये बाझेल येथे छापले गेले, आणि त्या परंपरेतले ग्रंथ पुढ्यात ठेवूनच केप्लरने आपले काम केले. त्याच केप्लरने १६११ मध्ये दोन्ही भिंगे फुगीर असलेल्या दुर्बिणीची कल्पना मांडली. गुरूची चूक दुरुस्त करणारा शिष्य सहा शतकांनी आणि दुसऱ्या धर्मात, दुसऱ्या खंडात सापडावा, यात इब्न अल-हैसमचे कमीपण काय? टॉलेमीच्या चुकांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा तो माणूस होता. आपल्या चुका काढल्या म्हणून तो खचितच रागावला नसता.

प्रत्यक्ष यंत्र हॉलंडात निघाले. १६०८ च्या ऑक्टोबरात मिडलबर्गच्या हान्स लिपरहे या चष्मेवाल्याने पेटंटसाठी अर्ज केला. तिथल्या राज्यसभेने त्याला काय सांगावे? एका डोळ्याने पाहणे त्रासाचे आहे, दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे करून आण. म्हणजे जुळी दुर्बीण दुर्बिणीबरोबरच जन्माला आली असे म्हणायला हरकत नाही. लिपरहेने ती करून दिली, पैसे मिळाले, पेटंट मात्र नाकारले गेले, कारण तोवर इतरही लोक हीच युक्ती घेऊन पुढे आले होते. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने आपली दुर्बीण आकाशाकडे वळवली आणि ती कथा सर्वांना ठाऊक आहे.

जुळ्या दुर्बिणीला मात्र पुढे अडीचशे वर्षे फारशी गती आली नाही. गॅलिलिओच्या पद्धतीची दुर्बीण सुलट दाखवी, पण फार थोडा भाग दाखवी. किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखे. केप्लरच्या पद्धतीची दुर्बीण मोठा भाग दाखवी, पण उलटा. ताऱ्याला काय, उलटा काय आणि सुलटा काय! पण झाडावरचा पक्षी डोके खाली करून बसलेला कोण पाहणार? प्रतिमा सुलटी करण्यासाठी आणखी भिंगे घातली की नळी लांबलचक होई. जहाजावरच्या कप्तानाच्या हातात चित्रांत दिसते ती हीच. १८५४ मध्ये इग्नाझिओ पोर्रो या इटालियन माणसाने तोड काढली. भिंगांऐवजी काचेचे लोलक घालून प्रकाशाला आतल्या आत वळणे द्यायची. प्रतिमा सुलटी होते आणि लांब वाट घडी घातल्यासारखी छोट्या डब्यात बसते. युक्ती बरोबर होती, काच वाईट होती. जर्मनीतल्या येना गावी त्सैस कारखान्याचा एर्न्स्ट आबे हाही स्वतंत्रपणे त्याच विचारापाशी आला होता, पण ऑटो शॉटने तिथे नवी काच तयार करीपर्यंत त्यालाही थांबावे लागले. १८९४ मध्ये त्सैसची लोलकाची दुर्बीण बाजारात आली. आज आपण जिला दुर्बीण म्हणतो ती ही. तिचे वय सव्वाशे वर्षांहून थोडे अधिक.

ती प्रथम कोणी उचलली? सैन्याने. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा चांगली काच जर्मनीतून येत असल्याने इंग्लंडची पंचाईत झाली, आणि फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांना लोकांकडे घरातल्या दुर्बिणी लढाईसाठी उसन्या मागाव्या लागल्या. १९३५ मध्ये त्सैसच्याच अलेक्झांडर स्माकुला याने भिंगावर अत्यंत पातळ थर चढवून प्रकाशाचे परावर्तन कमी करण्याची रीत शोधली. थर नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश वाया जातो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी चाळीस टक्क्यांच्या आसपास उजेड वाटेतच संपतो. पहाटे झुडपात बसलेल्या पक्ष्याचा रंग कळणे न कळणे या हिशेबावर अवलंबून असते.

तोवर पक्षी पाहणारे काय करीत होते? ते पक्षी मारीत होते.

हे वाक्य कठोर वाटेल, पण एकोणिसाव्या शतकातले पक्षिशास्त्र बंदुकीच्या नळीतून निघाले आहे. पक्षी हातात आल्याशिवाय त्याच्या पंखाची लांबी मोजता येत नाही, चोचीचा आकार ठरत नाही, नाव देता येत नाही. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात पाऊण लाखाहून अधिक पक्ष्यांची भरलेली कातडी होती. त्यांची हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून चोरीला गेली आणि रद्दी म्हणून विकली गेली, तेव्हा खचून जाऊन त्यांनी हा नाद सोडला. कातडी लंडनला, कागद पुडीवाल्याकडे.

शिकार आणि निरीक्षण यांची ही जोडी काही इंग्रजांनी आणली नाही. बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत शिकारीचा चक्क हिशेब दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ जनावरे-पाखरे टिपली गेली, त्यांतली १७,१६७ त्याने स्वतः मारली. आणि याच माणसाने सारसांची एक जोडी पाळली, त्यांची नावे लैला-मजनू ठेवली, आणि अंडी कधी घातली, उबवायला कोण कधी बसते, याची अशी बारीक नोंद केली की आजच्या अभ्यासकाने मान डोलवावी. त्याचा चितारी उस्ताद मन्सूर याने काढलेला सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. एकाच मनात बंदुकीचा शौक आणि नजरेचा शौक शेजारी शेजारी नांदत होते. या विषयावर मुंबईच्या एका तरुणाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९२७-२८ मध्ये लेखमाला लिहिली. त्या तरुणाचे नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. पक्ष्यांच्या जगात डॉ. सलीम अली.

त्यांची चिमणीची गोष्ट आपल्या वाचकांनी ऐकली असेलच. आई-वडिलांच्या मागे मामू अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीच्या घरी वाढलेला पोर, हातात एअरगन. १९०८ च्या सुमारास पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही खायला हलाल आहे की नाही, असा प्रश्न घेऊन तो मामूंकडे गेला. मामूंनाही ती ओळखता येईना, म्हणून त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे धाडले. मिलर्डसाहेबांनी कपाटाचे खण उघडले आणि पोराने भरलेल्या पक्ष्यांच्या रांगा पाहिल्या. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

पण त्याहून बोलकी नोंद त्याच्या आधीची आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. नऊ-दहा वर्षांच्या सलीमने आपल्या वहीत लिहून ठेवले होते की घरातल्या एका घरट्यात मादी अंड्यांवर बसली असताना बाहेर राखण करणाऱ्या नर चिमण्याला त्याने टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला. सात दिवसांत एकाच जागी आठ नर गेले, आणि दरवेळी नवा आला. मुलाने हे पाहिले, मोजले, लिहिले. निरीक्षण अस्सल आहे. पण त्याची किंमत आठ चिमणे.

आता १९३० सालातले किहीम पाहा. अलिबागजवळचे हे समुद्रकाठचे गाव. सलीम अली बर्लिनला श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून, हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी कशी घालतात ते पाहून परतले होते. पक्षी धरायचा, मोजायचा आणि सोडून द्यायचा, ही रीत त्यांनी तिथे पाहिली. मुंबईत परतले तर संग्रहालयातली नोकरी पैशाअभावी रद्द झालेली. पत्नी तहमीना यांच्यासह ते किहीमला राहिले. जवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात ते दिवसचे दिवस घरट्यांसमोर बसून राहिले. तोवर सर्वांची समजूत अशी की नर-मादी जोडीने घरटे विणतात. सलीम अलींनी पाहिले ते निराळेच. नर एकटाच अर्धे घरटे विणतो. मग माद्या येतात, आत शिरून पारखतात. एखादीला पसंत पडले तर ती ते ताब्यात घेते, नर उरलेले विणकाम पुरे करतो. आणि ती अंड्यांवर बसली की हा गडी शेजारी दुसरे घरटे सुरू करतो, दुसरीसाठी. हे संशोधन १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलाने नर मारून मादीचे वर्तन ताडले होते, तोच माणूस आता नराला जिवंत ठेवून त्याचा संसार वाचत होता. बंदुकीने हे कधीच कळले नसते. मेलेला पक्षी घरटे विणत नाही. किहीमला भिंगापेक्षा बैठक अधिक लागली असेल, पण नळी बदलली होती, हे खरे.

सलीम अलींना संत करण्याचे कारण नाही. पुढच्या पाहण्यांत, १९३१-३२ च्या निजामाच्या राज्यातल्या पाहणीसह, नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी बंदूक वापरली आणि शास्त्रासाठी ते आवश्यक आहे असे शेवटपर्यंत म्हटले. मात्र १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे चित्रमय पुस्तक निघाले आणि दुरून पाहून पक्षी ओळखण्याची सोय सामान्य माणसाला झाली. अमेरिकेत फ्लॉरेन्स मेरियम या बाईंनी १८८९ मध्येच नाटकगृहातल्या छोट्या दुर्बिणीने पक्षी पाहण्यावर पुस्तक लिहिले होते, आणि इंग्लंडात एडमंड सेलूस यांनी १९०१ मध्ये बंदूक टाकून पाहण्याचा पुरस्कार केला होता. आपल्याकडे तो दरवाजा १९४१ मध्ये उघडला.

त्यांचे नातलग हुमायून अब्दुलअली (१९१४-२००१) हे आणखी एक नाव. हेही आधी पट्टीचे शिकारी. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. देशाचा कायदा त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९७२ मध्ये आला. झफर फत्तेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी वार्तापत्र चालवले, लईक फत्तेहअली यांनी सलीम अलींबरोबर सर्वसामान्यांसाठी पुस्तक लिहिले, आणि बिहारच्या जमाल आरा यांचे पक्षी पाहण्यावरचे पुस्तक १९७० मध्ये निघाले. ही सारी नावे एका छोट्या वर्तुळातली, बहुतेक सुखवस्तू घरांतली, इंग्रजी बोलणारी. आपल्या मोहल्ल्यांत आणि खेड्यांत सलीम अलींचे नाव अभिमानाने घेतले जाते, शाळेच्या भिंतीवर त्यांचे चित्र लागते, पण त्या भिंतीबाहेरच्या बाभळीवर कोणता पक्षी बसला आहे ते किती जणांना सांगता येईल? मराठीत नावे नाहीत असेही नाही. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी पक्षिकोश रचून ती अडचण केव्हाच दूर केली. अडते ते बहुधा पहिल्या दुर्बिणीपाशी. म्हणून आता तिच्याकडे वळू.

दुर्बिणीवर दोन आकडे लिहिलेले असतात. ८ गुणिले ४२, १० गुणिले ५० असे. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल तो; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नवा माणूस पहिल्या आकड्यामागे धावतो. हाच सापळा. जितकी पट जास्त, तितका हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो आणि दिसणारा भाग आक्रसतो. आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीतून हजार मीटर अंतरावर सव्वाशे-एकशेतीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो; दहा पटीत तो बराच कमी होतो. पानांत सतत हलणारा वटवट्या त्या अरुंद खिडकीत सापडेपर्यंत उडून गेलेला असतो. झाडीत, बागेत, सह्याद्रीच्या रानात पाहणाऱ्याने आठ पटच घ्यावी. माळावर आणि जलाशयावर पाहणाऱ्याने, हात स्थिर असेल तर, दहा पट घ्यायला हरकत नाही. वीस-तीस पटीच्या आणि ‘झूम’ असलेल्या हातातल्या स्वस्त दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. बेचाळीसला आठने भागले की सव्वापाच येतात. दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटर जाड आहे, असा त्याचा अर्थ. इथे इब्न अल-हैसम पुन्हा उपयोगी पडतो: प्रकाश डोळ्यात यायचा आहे, तेव्हा डोळ्याचे दार केवढे ते पाहा. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते. अंधारात तरुणाची सातपर्यंत उघडते, उतारवयात पाचपर्यंतही मुश्किलीने. म्हणून पन्नाशीच्या माणसाने सात मिलिमीटरचा झोत देणारी जड दुर्बीण घेणे म्हणजे लहान तोंडाच्या बाटलीत बादलीने पाणी ओतणे. बेचाळीसचे भिंग पहाटे-संध्याकाळीही पुरते आणि वजन सहा-सातशे ग्रॅमच्या आसपास राहते. बत्तीसचे भिंग त्याहून हलके; लहान मुलांना आणि मान दुखणाऱ्यांना तेच बरे.

चष्मा लावणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी. डोळा मागच्या भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसते? ते अंतर पंधरा मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर चष्म्याआडून चित्राच्या कडा कापल्या जातात. दुर्बिणीच्या मागचे रबरी कप चष्मा असेल तर खाली, नसेल तर वर करावेत. उजव्या डोळ्याचे वेगळे चाक असते, तेही पुष्कळ जण कधी फिरवतच नाहीत. आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करावे, मग डावी झाकून त्या छोट्या चाकाने उजव्याला. एकदा केले की संपले.

रचना दोन प्रकारच्या. पोर्रोच्या लोलकांची दुर्बीण खांद्यात रुंद असते. कमी पैशांत चांगले चित्र देते. सरळ नळ्यांची, छपरासारख्या लोलकांची दुर्बीण सुटसुटीत असते आणि पाणी आत जाऊ नये अशी करणे तिच्यात सोपे. पण तिच्या लोलकांवर खास थर लागतो, जो १९८८ पासून मिळू लागला. तो नसलेली सरळ नळीची स्वस्त दुर्बीण घेण्यापेक्षा त्याच पैशांत पोर्रोची घ्यावी. आपल्या कोकणात मात्र पाण्यापासून बंद केलेली, आत नायट्रोजन भरलेलीच हवी. पावसाळ्यात भिंगांवर आतून जाळीदार बुरशी धरते आणि मग ती जात नाही. चामड्याच्या बंद पेटीत ठेवू नये. घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी. भिंगावर लाल-नारिंगी झगमग दिसली की मोहू नये. चांगला थर मंद हिरवा किंवा जांभळट दिसतो. किमतीविषयी इतकेच की लाखाच्या वरच्या युरोपीय दुर्बिणी खरोखरच उत्तम असतात, पण पहिल्या दहा वर्षांत त्यांच्यावाचून कोणाचे काही अडत नाही.

जायकवाडीच्या नाथसागरावर किंवा नांदूर मध्यमेश्वरला गेल्यावर जुळी दुर्बीण अपुरी पडते. चिखलाच्या पलीकडच्या काठावर चालणारे ते भुरे ठिपके कोणत्या जातीचे तुतवार, हे तिच्यातून कळत नाही. तिथे स्पॉटिंग स्कोप लागतो. एका डोळ्याची दुर्बीण, सहसा वीस ते साठ पट, पुढचे भिंग साठ ते पंच्याऐंशी मिलिमीटर. हिला तिपाई हवीच, आणि तिपाई दणकट हवी. पुष्कळ जण स्कोपवर पैसे संपवून लटपटती तिपाई घेतात आणि वाऱ्यात सगळे वाया घालवतात. डोळ्याकडची बाजू वाकलेली असलेला स्कोप घेतला तर उंच माणूस आणि शाळकरी पोर एकाच उंचीवरून पाहू शकतात. साठ पट फक्त थंडीच्या सकाळी चालते. दहा वाजले की जमिनीवरून उठणारी वाफ चित्र थरथरवते. तेव्हा तीसवर यावे. सोलापूरजवळचे नान्नज याच दृष्टीच्या कसोटीचे ठिकाण. माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावे असा आग्रह सलीम अलींनी धरला होता. तो आज अतिसंकटग्रस्त आहे. असा पक्षी दिसलाच तर त्याच्या जवळ जाण्याचा मोह धरण्यापेक्षा दुरून स्कोपने पाहणे हेच सभ्यपणाचे. अंतर राखून पाहता येणे, हा या यंत्राचा बंदुकीशी असलेला खरा फरक.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. धरणाची भिंत, विमानतळ, नौदलाचा परिसर इथे दुर्बीण काढू नये आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. गळ्यात दुर्बीण असलेल्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात; नाव विचारल्यावर तो संशय कधी वाढतो, ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. परदेशी पैशावर चाललेल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासावरून सलीम अलींच्या सोसायटीवरही एके काळी जंतुयुद्धाचे बालंट आले होते. त्यांनी कडी घालणे थांबवले नाही. दोघा-चौघांनी मिळून जावे, वनखात्याच्या चौकीवर सांगून जावे, गावातल्या माणसाला पहिल्यांदा पाहायला द्यावे. खंड्या एकदा भिंगातून पाहिला की विचारणाऱ्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

नवी परवडत नसेल तर जुनी घ्यावी. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या दुर्बिणी दिसतात. घेताना आधी तिला हलवून पाहावे. आत काही खुळखुळले तर लोलक सुटला आहे. पुढच्या भिंगातून उजेडाकडे पाहून बुरशी शोधावी. मागच्या बाजूने हातभर दूर धरली की उजेडाची दोन वर्तुळे दिसतात, ती गोल हवीत, कडा कापलेल्या नकोत. शेवटी लांबच्या मनोऱ्याच्या टोकावर रोखून दोन्ही डोळ्यांनी पाहावे, मग डोळे मिटून पुन्हा उघडावेत. टोक क्षणभर जरी दोन दिसले, तरी इब्न अल-हैसमचे मेणाचे खांब आठवावेत आणि भाव कितीही उतरला तरी ती दुर्बीण दुकानदाराच्या हातात परत द्यावी.